सासऱ्यांचा खांदा

माझे सासरे शेवंतीच्या वाफ्याजवळ पडले, त्या सकाळी मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि ते मोटारीच्या खोलीच्या पायरीवर उजव्या कुशीवर आपटले. शेजारच्या मळ्यातल्या दोघांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तोवर एक्स-रे निघाला होता. खांद्याकडून गळ्याकडे येणारं हाड मोडलं होतं आणि त्याच बाजूच्या बरगड्यांना तडे गेले होते. ऑपरेशन लागणार नाही, हाड आपलं आपण जुळेल, असं डॉक्टर म्हणाले. हात गळ्यातल्या झोळीत अडकवून संध्याकाळी आम्ही त्यांना घरी आणलं.

घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच. सासऱ्यांनी आयुष्यभर मेथी, कोथिंबीर, शेवंती आणि गुलाब काढले आणि नाशिकच्या बाजारात नेऊन विकले. आता तीन बाजूंनी इमारती आल्या आहेत आणि वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत उभी राहून आमच्या वाफ्यांकडे बघत चहा पितात. घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो. नवऱ्याची बदली नागपूरला झालेली, तो महिन्यातून एखाद्या शनिवारी यायचा. मुलगी पुण्याला शिकत होती. सासूबाईंच्या बोटांना संधिवात. डब्याचं घट्ट झाकण उघडायचं असलं की त्या डबा माझ्यापुढे सरकवायच्या.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. मीही म्हणते, पण ते त्यांच्याविषयी बोलताना. त्यांच्याशी बोलायचा प्रसंग फारसा येतच नसे. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात ते माझ्याशी सरळ असं क्वचितच बोलले असतील. काही हवं असलं की सासूबाईंना सांगायचे, "चहा झाला असंल तर आणायला सांग." सासूबाई घरात नसल्या तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "आज भाकरी लवकर लागंल." मी ते ऐकायची आणि तवा ठेवायची. यात राग नव्हता. त्यांच्या घरात सुनेचा मान असाच ठेवायची रीत होती. खाकरल्याशिवाय त्यांनी कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही. दसरा-दिवाळीला मी पाया पडायची, तेव्हासुद्धा माझी बोटं त्यांच्या पावलांच्या जरा अलीकडे जमिनीला लागायची आणि त्यांचा आशीर्वादाचा हात माझ्या डोक्याच्या वर हवेत थांबायचा.

नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेल्या मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं होतं. नंतर सवय झाली. पुढे पुढे त्यात सोयही वाटू लागली.

दीड-दोन महिन्यांत हाड जुळलं. डॉक्टरांनी झोळी काढली आणि सांगितलं, "आता हात वापरा, नाहीतर खांदा आखडेल." नानांनी हात वापरला नाही. झोळी गेली तरी तो पोटाशीच राहिला. आडवं पडलं की बरगड्यांत कळ यायची म्हणून ते खुर्चीत बसून झोपू लागले. दुखणं खांद्यातून मानेत चढलं, मग पाठीत उतरलं, मग उजव्या कमरेत. ज्या पायाला काहीच झालं नव्हतं तो पाय ते ओढत चालू लागले. गोळ्यांनी पित्त व्हायचं. सासूबाईंनी शेक दिला, आंबेहळदीचा लेप लावला. येणाराजाणारा एकेक तेल सांगून जायचा.

"दुखणं फिरू राहिलंय," नाना सासूबाईंना म्हणायचे. "आज कमरेत हाय. उद्या कुठं जाईल, काय माहीत."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा काढला. हाड उत्तम होतं. फोटो चांगला आणि माणूस वाकडा, अशी स्थिती होती.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या आईला जिथे गुण आला होता तिथला पत्ता दिला. गंगापूर रोडच्या एका गल्लीत, इमारतीच्या तळमजल्यावर एक दवाखाना होता. मी अर्धी रजा टाकून नानांना रिक्षानं घेऊन गेले. सासूबाई मध्ये बसल्या.

फिजिओथेरपीच्या बाई पस्तिशीच्या असतील. आवाज खालचा, नखं अगदी बारीक कापलेली. मी फाइल पुढे केली. त्यांनी फोटो उजेडात धरून बघितला, बाजूला ठेवला आणि खांद्याकडे न बघता म्हणाल्या, "नाना, दारापर्यंत चालून या." ते चालून आले. "आता खुर्चीतून उठा. बसा. टोपी काढून परत घाला बरं." नानांनी टोपी डाव्या हातानं काढली. घालताना ती कानावर तिरकी बसली. ती सरळ करायला उजवा हात लागला असता. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. सासूबाईंनी पटकन पुढे होऊन टोपी सरळ केली.

"तुम्हाला काय करता यायला हवं?" बाईंनी विचारलं.

नानांना प्रश्न कळला नसावा. दुखणं थांबायला हवं, हे सांगायला का लागावं? जरा वेळानं ते म्हणाले, "टोपी."

मग सदऱ्यावरून अडलं. परक्या बाईपुढे सदरा काढायला नाना तयार नव्हते. "बंडी राहू द्या," बाई म्हणाल्या. तेवढ्यावर तडजोड झाली. उशा लावून त्यांना टेबलावर निजवलं. बाई पायाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही पावलं हातात धरली. नानांनी पाय आखडून घेतले.

"बाई, पाय नको. खांदा दुखतो माझा."

"मी खांद्याला हात लावला की तुम्ही श्वास रोखणार," बाई म्हणाल्या. "आत्ताही रोखलाय."

खरंच रोखला होता. त्यांच्या छातीकडे बघून मलाही ते दिसलं.

त्या दिवशी बाईंनी खांद्याला जवळजवळ हात लावलाच नाही. पावलं, घोटे, पिंढऱ्या करत त्या वर सरकल्या. गुडघ्याखाली हात घालून पाय उचलायचा आणि कमरेत सावकाश फिरवायचा. नाना स्वतःच तो उचलायला बघत आणि दर वेळी त्या म्हणत, "मदत करू नका. जड राहू द्या." मला वाटलं होतं की रगडारगडी असेल, हाडं कडकड वाजतील. तसलं काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही तळवे नानांच्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. दाबलं नाही. "हात ढकलायचा, श्वासानं," एवढंच सांगितलं. डावीकडचा हात वर उचलला जायचा, उजवीकडचा जागच्या जागी राहायचा. बऱ्याच वेळानं तोही किंचित हलला.

मला त्या म्हणाल्या, "पडल्यापासून ही बाजू त्यांनी धरून ठेवलीय. बरगड्या हलत नाहीत, मग खांद्याच्या मागचं हाड हलत नाही, मग हात वर जाणार कसा? चालतातसुद्धा श्वास धरून. म्हणून दुखणं फिरतंय."

हे चाललं असताना नाना झोपी गेले. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसून दाखवलं. पडल्यापासून आडवे होऊन झोपलेले आम्ही त्यांना प्रथमच पाहत होतो.

आठवड्यातून दोन खेपा ठरल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाई म्हणाल्या की एवढ्यानं भागायचं नाही. घरी रोज कोणीतरी हात, बरगड्या, कंबर हलवून द्यायला हवी, मग व्यायाम. "घरी कोण करेल?"

मी सासूबाईंच्या बोटांचं सांगितलं. नवऱ्याच्या बदलीचं सांगितलं.

"तुम्ही?"

"मी सून आहे."

"हो, माहीत आहे," बाई म्हणाल्या. मी रक्तगट सांगितला असता तरी त्यांनी तो याच चेहऱ्यानं ऐकून घेतला असता. "मी शिकवते. ठरवा आणि सांगा."

घरी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या, वाकड्या बोटांनी, एकेक काडी. मी विषय काढला.

"इतकी वर्षं मीच तेल लावलं त्यांना," त्या म्हणाल्या. "आता बोटं ऐकत नाय. तू कर."

"पण आई, नानांना चालेल?"

"दुखणं त्यांना इचारून आलं व्हतं का?"

पण विचारावं लागलंच. नाना ओट्यावर बसले होते, मी दारात उभी होते. सासूबाईंनी सांगितलं. नाना त्यांनाच म्हणाले, "तिला शाळा असती. तिला कशाला तरास?"

"ती हितंच उभी हाय. तिलाच सांगा."

नानांनी समोरच्या इमारतीकडे बघितलं. "पोराला येऊ दे," ते म्हणाले.

नवरा शनिवारी आला. मधल्या खेपेला बाईंनी मला शिकवून ठेवलेलं मी त्याला तोंडी सांगितलं. त्यानं बाह्या सारल्या आणि कणीक मळावी तसे वडिलांचे खांदे मळायला सुरुवात केली. बाप दात आवळून सोसत होता आणि मुलगा घाम पुसत विचारत होता, "बरं वाटतंय का?" "वाटू राहिलंय," नाना म्हणत. मी म्हटलं, दाबायचं नाही, नुसता हात ठेव. त्यानं ठेवला. दोघं ताठ झाले. वडिलांच्या अंगावर असा हात ठेवून बसायची त्यालाही सवय नव्हती. थोड्या वेळानं नाना म्हणाले, "हात गार हायेत तुझे." त्यानं हात काढून घेतला आणि मोटार बघायला गेला. रविवारी संध्याकाळी तो परतला. जाताना मला म्हणाला, "तुलाच करावं लागेल. माझं जाऊ दे, पण तुला अवघड नाही ना वाटणार?" मी म्हटलं, वाटेल.

सोमवारी सकाळी मी शाळेचा डबा भरत होते. बाहेर खाकरण्याचा आवाज आला. नाना उंबऱ्याबाहेर उभे होते. फळीवरच्या डब्यांकडे बघत म्हणाले, "ते करायचं असंल तर करू आज."

शाळेतून आल्यावर पुढच्या खोलीतल्या लाकडी दिवाणावर सतरंजी घातली. दार सताड उघडं ठेवलं. सासूबाई पायाशी स्टुलावर बसल्या, मांडीवर परात आणि तिच्यात कोथिंबिरीची जुडी. मी हात गरम पाण्यानं धुतले. नाना डाव्या कुशीवर झोपले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या पाठीमागे बसून एक तळवा खांद्याच्या मागच्या हाडावर ठेवला, दुसरा पुढून.

बंडीखालचं अंग उबदार आणि अपेक्षेपेक्षा किडकिडीत होतं. इतकी वर्षं या माणसाला मी आवाजानं आणि चपलांनी ओळखत होते. त्याला पाठ आहे, असा विचार कधी मनात आला नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

नाना सासूबाईंना म्हणाले, "सांग तिला, जरा खाली."

"जरा खाली," सासूबाई म्हणाल्या.

मी हात खाली घेतला. "इथे?"

"हां. पन लय दाबू नको म्हणावं."

"लय दाबू नको."

मी दाबत नव्हतेच. असे आम्ही तिघं बरेच दिवस बोलत राहिलो. नानांचं तोंड भिंतीकडे, माझं त्यांच्या पाठीकडे, आणि मध्ये सासूबाई प्रत्येक वाक्य पोचवणार. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कधी कधी त्या स्वतःचं एखादं वाक्य घालायच्या. "सकाळपासून कुरकुरू राहिले होते," असं.

एकदा फाटकाशी कुत्रं भुंकलं म्हणून त्या उठून बाहेर गेल्या. मी नानांचा हात कोपरात धरून हळूहळू पुढे नेत होते. "सांग तिला," नाना म्हणाले आणि थांबले. पायाशी कोणी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मी हात तिथेच धरून ठेवला. बाहेर सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या, लवकर येण्याचं लक्षण नव्हतं.

"जरा वर घे," नाना म्हणाले.

मी वर घेतला. सासूबाई परत आल्या तरी मग ते तसंच चालू राहिलं. त्या स्टुलावर बसल्या, थोडा वेळ दोघांकडे बघितलं आणि परात उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर काही एकदम गप्पा सुरू झाल्या नाहीत. पण आडवं पडून, तोंड दुसरीकडे असताना माणूस बोलतो. उजव्या खांद्यावर माझ्या बोटांना एक लांबट खळगा लागायचा. मी विचारलं तर म्हणाले, "फवारणीच्या पंपाचा पट्टा. तो खड्डा पडून तीस वर्सं झाली असतील." मग एकदा तालमीचं निघालं. लग्नाआधी ते गावच्या तालमीत जायचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "जोर-बैठकांची मेहनत झाली की एकमेकांचं अंग चोळायचो आम्ही," नाना म्हणाले. "वस्ताद पाठीवर उभा राहायचा. असं हलकं वाटायचं. लगीन झालं, बापानं भाजीची पाटी डोक्यावर दिली. मंग कुठली तालीम."

ही गोष्ट मी बाईंना सांगितली. त्यांना ती फार उपयोगाची वाटली. व्यायाम सांगताना त्या म्हणाल्या, "नाना, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. ही अर्धी बैठकच आहे." तोवर नाना व्यायाम औषधासारखा घेत होते. आता त्यांनी तो मनावर घेतला. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात खाली सोडून लंबकासारखा झुलू द्यायचा, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, जमिनीवर या कुशीवरून त्या कुशीवर लोळायचं. भिंतीवर बोटं कुठवर पोचली, तिथे ते कोळशानं रेघ मारून ठेवायचे. सासूबाई ती भिंत पुसायला मागायच्या, नाना पुसू देत नसत.

आणि मग एके दिवशी सासूबाईंचा शाळेत फोन आला. "लवकर ये. तुझा सासरा शेडमधी पालथा पडलाय, उठंना."

मी रिक्षा करून आले. फुलांच्या क्रेटांशेजारी नाना पोटावर पडले होते, गाल जमिनीला लावून. शुद्धीवर होते, बोलत होते, पण उठता येत नव्हतं आणि कोणाला हात लावू देत नव्हते. डोक्याखाली सासूबाईंनी रिकामं पोतं घडी करून घातलं होतं.

"चक्कर आली का, नाना?"

"नाय."

"पाय घसरला?"

"नाय."

सासूबाई म्हणाल्या, "सांगा की मंग काय झालं ते."

"जोर मारला," नाना म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. बाईंनी शिकवलेलं लोळणं त्या दिवशी कामाला आलं. आधी नजर उजवीकडे, मग मान, मग उजवा गुडघा पोटाशी, त्याच्या मागून कंबर. मी हात त्यांच्या कमरेवर आणि खांद्याच्या मागे ठेवला आणि ते सावकाश कुशीवर आले, मग बसते झाले, मग क्रेट धरून उभे. सदऱ्याला माती लागली होती. ती झटकायलाही हात उचलवत नव्हता. मी झटकली.

पुन्हा फोटो निघाला. हाड शाबूत होतं. स्नायू ताणले गेले होते, एवढंच. पण बरेच दिवस मागे गेले. भिंतीवरची बोटं खालच्या रेघांवर आली. नाना घरात कोणाशी बोलेनात, जेवण अर्धं टाकून उठू लागले. मला राग आला होता. एवढ्या दुपारी मी खर्ची घातल्या होत्या, त्या एका सकाळीत गेल्या, असं वाटत होतं. मी तो राग बोलून दाखवला नाही, पण माझे हात दोन-तीन दिवस घाईनं काम करत होते आणि ते नानांना कळलं असणार.

बाईंकडे गेलो तेव्हा नाना मान खाली घालून बसले.

"किती मारले?" बाईंनी विचारलं.

"येक."

"खाली गेलात?"

"खाली गेलो. वर नाय आलो."

बाईंना हसू आवरलं नाही. नानांनी मान वर केली आणि तेही हसले. हसताना बरगडीत कळ आली म्हणून कुशीवर हात दाबला. तो हात उजवा होता. ते बाईंनी बघितलं, मीही बघितलं.

नंतर सुधारणा झाली ती हळूहळू, सांगण्यासारखी एखादी तारीख नसलेली. आधी ते पलंगावर झोपू लागले. मग पाय ओढणं थांबलं. कमरेतलं दुखणं कधी गेलं, हे त्यांनाही सांगता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "अलीकडं फिरत नाय का तुमचं दुखणं?" तेव्हा नाना विचार करून म्हणाले, "खांद्यातच बसलंय आता. फिरत नाय." बाईंच्या मते हे चांगलं लक्षण होतं. दुखणं एका जागी आलं, म्हणजे बाकीच्या अंगानं ते सोडून दिलं.

खांदा पूर्ण सुटला नाही. हात कानाच्या पातळीपर्यंत जातो, त्यावर अडतो. पण टोपी घालायला तेवढा पुरतो, डोकं जरासं उजवीकडे वाकवलं की झालं. गुलाब तोडायला ते जातात, उंचावरच्या फांद्या सोडून देतात. एकदा फुलबाजारातही जाऊन आले. पाटी उचलली नाही, नुसते उभे राहून भाव ऐकून आले.

हात लावण्याचं काम त्यांच्या बरं होण्याबरोबर कमी होत गेलं. रोजचं एक दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा. शेवटी एका दुपारी मी सतरंजी घालायला गेले तर नाना म्हणाले, "आज नको. मी माझं करतो." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. मी सतरंजी कपाटात ठेवली. मला त्या वेळचा तास मोकळा मिळाला आणि पहिले काही दिवस त्याचं काय करावं ते सुचलं नाही. मग वह्या तपासायला तो लागू लागला.

याच सुमारास विंचूरहून नानांचे मावसभाऊ आले. कांद्याच्या व्यवहारातले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांची मान आखडली होती, सगळं अंग वळवून बघत होते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नाना त्यांना सांगत होते, "कशाला डाक्टर? सूनबाईला दाखव. तिच्या हाताला गुण हाय." पाहुण्यांनी लगेच सदऱ्याची बटणं सोडायला घेतली.

मी ट्रे खाली ठेवला. "काका, बटणं लावा," मी म्हटलं. "मला मानेचं काही येत नाही."

"बघ तर खरं," नाना म्हणाले.

"नाही, नाना."

त्यांना तोंडावर नाही म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ. मानेचं येत नव्हतं हे खरंच होतं, पण येत असतं तरी मी केलं नसतं. ते कसं सांगावं हे मला कळत नव्हतं आणि सांगायची इच्छाही नव्हती. सासूबाई आतून दारापर्यंत आल्या. पाहुणे हसून म्हणाले, "लाजू राहिली पोरगी."

नानांनी बशीत चहा ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली. "लाजत नाय ती," ते म्हणाले. "नाय म्हणली म्हंजे नाय. उद्या तुला बाईंकडं नेतो मी."

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षानं गंगापूर रोडला गेले. मी पत्ता लिहून देऊ लागले तर नाना म्हणाले, मला रस्ता पाठ आहे. दुपारी त्यांनी भावाला द्वारका चौकात नेऊन विंचूरच्या गाडीत बसवलं आणि परतताना सासूबाईंसाठी पेरू आणले. ओट्यावर बसून चपला काढता काढता मला म्हणाले, "त्याला बाईंनी व्यायाम दिलेत. त्याच्या ध्यानात राहायचे नाय. फोन करील तुला. तेवढं सांगत जा."

"सांगेन," मी म्हटलं.

विंचूरच्या काकांचे फोन काही आठवडे येत होते. हनुवटी आत घ्यायची की वर, इतकंच ते विचारायचे, आणि मी बाईंना विचारून सांगायची. मग कांद्याची आवक सुरू झाली आणि फोन बंद झाले. त्यांची मान सुटली का, हे आम्हाला नीट कळलं नाही. नाना म्हणतात, सुटली असेल. सासूबाई म्हणतात, तो कसला व्यायाम करतोय.